न दिसणारे दुखणे आणि चाळीस टक्के

पावसाळ्यात पूर्व विदर्भात धानाची रोवणी सुरू होते. दिवसभर चिखलात, पाण्यात उभे राहून वाकून काम करायचे. सिकलसेलच्या रुग्णासाठी यातली प्रत्येक गोष्ट त्रासाची आहे. अंगावर पाऊस, पायाखाली गार पाणी, जोडीला अतिश्रम आणि कामाच्या नादात पाणी प्यायचे राहून जाणे. दोन दिवस काम आणि चार दिवस अंथरूण असे होऊ लागले, की रोवणीला बोलावणे हळूहळू बंद होते. बुडालेल्या मजुरीची नोंद कुठेच होत नाही. बरे वाटत असताना मात्र हाच रुग्ण चारचौघांसारखा दिसतो. मग दिव्यांगत्वाचा विषय काढला, की ऐकावे लागते, ‘हातपाय तर धड आहेत!’

कायदा मात्र तसे म्हणत नाही. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ते २१ झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले, तसेच पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजारही आले. म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या आजारामुळे येणारी असमर्थताही कायद्याने मान्य केली. प्रश्न उरतो तो ती सिद्ध करण्याचा.

आजार काय करतो?

आपल्या रक्तातील लाल पेशी गोल आणि लवचिक असतात व सुमारे १२० दिवस जगतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या दोषामुळे त्या विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात व दहा ते वीस दिवसांतच नष्ट होतात. त्यामुळे रक्त सतत कमी राहते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की हाडांमध्ये, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. वारंवार असे झाल्यास खुब्याचे हाड, मूत्रपिंड, डोळे यांनाही इजा होते.

हा आजार दोन स्वरूपांत आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तर ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला, तर ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो आणि केवळ वाहक असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून अर्जापूर्वी आपल्या अहवालावर नेमके काय लिहिले आहे, ते पाहावे. झटपट होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीने हा फरक कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल लागतो.

टक्के कशावर ठरतात?

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर, आधार क्रमांकासह करायचा असतो. त्यानंतर ठरलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयात तपासणी होते. राहत्या जिल्ह्यातील रुग्णालयाप्रमाणेच, जिथे उपचार सुरू आहेत त्या शासकीय रुग्णालयातील सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

इथेच अनेकांचे गणित चुकते. केवळ आजाराच्या नावावर टक्के मिळत नाहीत. आजार किती तीव्र आहे, वेदनांचे झटके किती वेळा येतात, रक्त किती वेळा चढवावे लागते, कोणत्या अवयवाला इजा झाली आहे, हे पाहिले जाते. तपासणीच्या दिवशी रुग्ण नेमका बरा असेल, तर त्याच्या वतीने कागदच बोलतात. घरी गोळ्या घेऊन सोसलेला झटका कागदावर येत नाही, त्यामुळे तो डॉक्टरांपुढेही येत नाही.

म्हणून अर्ज करण्याच्या आधीपासून एक फाइल ठेवावी. तीत निदानाचा अहवाल, प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी, एक्स-रे व एमआरआयचे अहवाल आणि बाह्यरुग्ण विभागाचे केसपेपर तारखेनुसार लावावेत. झटका आला, की प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नोंद करून घ्यावी. उपचारासाठी तर ते गरजेचे आहेच. घरी एका वहीत तारीख, किती दिवस दुखले आणि किती दिवस काम बुडाले, हे लिहावे. वही म्हणजे पुरावा नव्हे, पण डॉक्टरांना नेमके सांगायला तिचा उपयोग होतो.

प्रमाणपत्र नाकारले, तर कारण लेखी मागावे. निर्णय मान्य नसल्यास ९० दिवसांच्या आत अपील करता येते. प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्याची मुदत संपण्याआधीच पुन्हा तपासणीची तयारी करावी.

प्रमाणपत्र मिळाले, पुढे?

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे दरमहा पैसे सुरू झाले, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. अर्थसाहाय्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो. वय ६५ वर्षांखाली, राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत, या मुख्य अटी आहेत. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्यात आले. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांनाही ही योजना आहे. उत्पन्नाच्या अटीमुळे अनेक गरजू बाहेर राहतात, हेही खरे. घरात एकाची नियमित मजुरी असली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

संघटित क्षेत्रात, राज्य कामगार विमा योजनेखाली असलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, सलग सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. नोकरी सोडण्यापूर्वी याची चौकशी जरूर करावी. घाईने राजीनामा दिला, तर हा आधार हातचा जाऊ शकतो.

कायद्यातही एक उणीव आहे. सिकलसेलच्या रुग्णाला उच्च शिक्षणातील पाच टक्के आरक्षण मिळते, पण सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शेतातली मेहनत झेपत नाही म्हणून शिकलेल्या मुलाला बसून करायच्या नोकरीत मात्र राखीव जागा नाही. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. तपासणीत सापडणाऱ्या प्रत्येक रुग्णासमोर औषधाबरोबर पोटापाण्याचाही प्रश्न असतो.

तोवर रुग्णाच्या हाती आहे ती फाइल. तुमच्या घरात, शेजारी असा रुग्ण असेल, तर या आठवड्यात त्याच्याबरोबर बसून विखुरलेले कागद तारखेप्रमाणे लावून द्या. चाळीस टक्क्यांची वाट तिथूनच सुरू होते.