तळ्याकाठचा मुक्काम, घोड्यांसह

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पश्चिमेच्या लेक मिशिगनपासून पूर्वेच्या लेक ह्युरॉनपर्यंत घोड्यावरून जाता येते. एम्पायर या गावापासून ऑस्कोडापर्यंत जाणारी ही ‘शोअर टू शोअर’ वाट सुमारे ३५० किलोमीटरची आहे. उत्तर-दक्षिणेचे फाटे धरले तर तिची लांबी ८०० किलोमीटरच्या आसपास भरते. १९६०च्या दशकात घोडेस्वारांच्या पुढाकाराने ती आखली गेली. दिवसभराच्या रपेटीनंतर घोडा आणि स्वार दोघांनाही पाठ टेकता यावी म्हणून वाटेवर ठिकठिकाणी मुक्कामतळ झाले. एम्पायरजवळचा गॅरी लेक ट्रेल कॅम्प हा त्यांपैकीच एक. लहानसे तळे, भोवती जंगल आणि गटाने येणाऱ्यांसाठी व घोड्यांसाठी राखलेल्या जागा, एवढाच त्याचा संसार.

अशा तळांना सरकारी परिभाषेत ‘रस्टिक’ म्हणतात. शब्द ऐकायला काव्यमय वाटतो. प्रत्यक्षात तो केवळ सोयींचा हिशेब आहे. वीज नाही, न्हाणीघर नाही, फ्लशचे शौचालय नाही. आहे तो एक हापसा आणि खड्ड्यावर बांधलेले शौचालय. हे शौचालयही वाटते तितके मागास नसते. खाली बंदिस्त टाकी आणि छपरावर उंच, काळ्या रंगाची नळी. उन्हाने नळी तापते, आतली हवा वर चढते आणि दुर्गंधी टाकीतूनच वर ओढली जाते. मात्र त्यासाठी आसनावरचे झाकण बंद असावे लागते. ते उघडे ठेवून जाणारा एकच महाभाग साऱ्या तळाला शिक्षा देऊ शकतो. टाकीत कचरा टाकला तर ती उपसणाऱ्या गाडीची नळी तुंबते, हा पुढचा ताप.

हापशाचे महत्त्व घोडे आले की कळते. साधारण ४५० ते ५०० किलो वजनाचा घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो आणि उन्हात रपेट झाली तर त्याहूनही अधिक. सहा घोड्यांचा गट असेल तर दोन-अडीचशे लिटर पाणी हाताने उपसून बादल्यांतून वाहून न्यावे लागते. त्यातून घोडा हा पाण्याच्या बाबतीत कमालीचा चोखंदळ प्राणी. अनोळखी चवीचे पाणी तो नाकारतो आणि पाणी कमी पडले की पोटशूळ उठण्याचा धोका वाढतो. घोड्यांच्या बाबतीत पोटशूळ जिवावर बेतू शकतो, आणि अशा आडरानात मोठ्या जनावरांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. म्हणून अनुभवी स्वार पहिल्या रात्रीसाठी घरचेच पाणी सोबत आणतात.

मग समोर तळे असताना घोडे थेट काठावरच का नेऊ नयेत? नवख्याला हा प्रश्न पडतोच. एक घोडा दिवसाला २० ते २५ किलो लीद टाकतो. दहा घोडे शनिवार-रविवार राहिले तर जवळपास अर्धा टन. त्यातील फॉस्फरस व नायट्रोजन पाण्यात उतरला की शेवाळाला खाद्य मिळते. निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचा थर माजला तर त्यातील काही प्रकार विषारी ठरतात. ते पाणी प्यालेली जनावरे दगावू शकतात. शिवाय खुरांखाली काठ ढासळतो आणि गाळ पाण्यात जातो. मोठ्या सरोवराला हे कदाचित जाणवणार नाही, लहान तळ्याला जाणवते. म्हणून पाणी बादलीने पाजायचे, घोडा बांधायचा आणि धुवायचा तो काठापासून निदान ६० मीटर दूर, आणि लीद ठरवून दिलेल्या जागी टाकायची किंवा गाडीत भरून घरी न्यायची. निसर्गात खुणा न ठेवण्याची जी शिस्त अमेरिकेतील गिर्यारोहकांना शिकवली जाते, तिच्यातही ६० मीटरचा हा दंडक आहे.

झाडांची गोष्ट याहून नाजूक. घोडा सरळ बुंध्याला बांधला की कंटाळून जमीन उकरतो, मुळे उघडी पाडतो, साल कुरतडतो. सालीचा पट्टा चहूबाजूंनी गेला की झाड हळूहळू वाळते. त्यावर उपाय म्हणजे दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर ताणलेला आडवा दोर. दोर सालीत रुतू नये म्हणून बुंध्याला रुंद पट्टे गुंडाळतात आणि घोडे त्या दोराला, बुंध्यांपासून दूर, बांधतात. मिशिगनमध्ये ओकच्या झाडांना ‘ओक विल्ट’ हा बुरशीचा रोग होतो. १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात ओकला जखम करू नका, असे तेथील वनखाते सांगते. कारण त्या दिवसांत ताज्या जखमेवर बसणारे कीटक बुरशी पसरवतात. मुक्कामाचा हंगामही नेमका याच दिवसांत सुरू होतो. कंदिलासाठी ठोकलेला एक खिळाही मग निष्पाप उरत नाही.

सरपणाचेही तसेच. अ‍ॅश वृक्षाच्या सालीखाली वाढणारा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ आढळला आणि त्याने पुढे उत्तर अमेरिकेतील कोट्यवधी झाडे संपवली. स्वतःच्या पंखांनी तो फार लांब जात नाही. मोटारीच्या डिकीतील लाकडांतून मात्र तो शेकडो किलोमीटर गेला. म्हणून शेकोटीची लाकडे मुक्कामाच्या परिसरातच विकत घ्यावीत, असे सांगितले जाते.

निरनिराळ्या पागांतील घोडे एका दोरावर आले की रोगही पाहुणे येतात. त्यांपैकी ‘इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया’ हा रोग गोमाशांच्या चाव्यातून एका घोड्याचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचले की पसरतो. त्यावर औषध नाही, लसही नाही. बाधित घोड्याला दयामरण द्यायचे किंवा जन्मभर वेगळे ठेवायचे, एवढेच पर्याय उरतात. १९७०च्या दशकात लिरॉय कॉगिन्स यांच्या नावाने रूढ झालेल्या रक्तचाचणीचा दाखला घोडा राज्याबाहेर नेताना सोबत ठेवावा लागतो, आणि गटाच्या मुक्कामातही तो पाहिलेला बरा. डासांतून येणारा ‘ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस’ वेगळाच. २०१९ मध्ये मिशिगनमध्ये या मेंदूज्वराने १० माणसांना गाठले आणि त्यांपैकी ६ जण दगावले. घोड्यासाठी यावर लस आहे, स्वारासाठी नाही! घोड्याकडून माणसाला तो होत नाही; पण घोडे आजारी पडू लागले की त्या भागातील डास विषाणू घेऊन हिंडत आहेत एवढे निश्चित समजावे.

गटाच्या तळावर आणखी एक अडचण असते. जागा एकाच्या नावावर, येणारे वीस. लीद कोणी उचलायची, पाणी कोणी उपसायचे, रात्री दोर सुटलेल्या घोड्यामागे कोणी धावायचे, हे आधी ठरले नाही तर सारे काम दोघा-तिघांच्या गळ्यात पडते. रात्री १० ते सकाळी ८ शांतता पाळायची असते, पण सगळेच घोडे काही ती मानत नाहीत. भ्रमणध्वनीला संकेत मिळेलच असे नाही. म्हणून तळाचे नाव, जवळचा रस्ता आणि पशुवैद्याचा क्रमांक कागदावर लिहिलेला असावा.

या शिस्तीमागे राजकारणही आहे. राज्याच्या जंगलांत घोड्यांनी कुठे जावे, यावर मिशिगनमध्ये बरीच वादावादी झाली. घोड्यांमुळे वाटा झिजतात आणि वन्यजीवांना त्रास होतो, असे एका बाजूचे म्हणणे. तर या जंगलांच्या वाटा स्वारांनीच राखल्या, असे दुसरीचे. अखेर २०१० मध्ये विधिमंडळाने स्वारांना प्रवेश राहावा यासाठी कायदा केला. पण कायद्याने वाट मोकळी झाली तरी तक्रार शेवटी दिसते ती जमिनीवरच: उकरलेला खड्डा, सोललेला बुंधा, काठावरची लीद. म्हणूनच जाणते गट निघण्याच्या सकाळी घोडे ट्रेलरमध्ये चढवण्याआधी फावडे आणि दाताळे काढतात. उकरलेले खड्डे बुजवतात, सांडलेले गवत गोळा करतात, पट्टे सोडून बुंधे निरखतात. या कामाला तासभर सहज लागतो, आणि तोवर घोडे अस्वस्थ होऊन खूर आपटत असतात.