नव्वद हजार चित्रांत एक क्षण

कडावच्या बाल दिगंबर गणेशाच्या माघी उत्सवाचं तासाभराचं चित्रीकरण घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण ९०,०००. स्क्रीनची रुंदी १,९२० पिक्सेल असेल, तर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण टाइमलाइन दिसताना एका पिक्सेलमागे सुमारे ४७ फ्रेम, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद दडतात! टिपरू ढोलावर पडतं तो क्षण तिथे माउसने सापडणार कसा?

म्हणून आधी कीबोर्डवरच्या जे, के, एल या कळा: मागे, थांबा, पुढे. जागा जवळ आली की झूम. प्रीमियर प्रोमध्ये ‘बरोबर’च्या चिन्हाची (=) कळ प्लेहेडभोवतीच, म्हणजे सध्याची जागा दाखवणाऱ्या रेघेभोवतीच, टाइमलाइन मोठी करते, त्यामुळे जागा हरवत नाही. मग बाणाच्या कळीने एकेक फ्रेम सरका. ‘के’ दाबून धरून ‘एल’ टिचकलं तरी तेच होतं. पुन्हा सगळं पाहायला बॅकस्लॅश. दाविंची रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट-झेड. महत्त्वाच्या जागी ‘एम’ दाबून खूण करा. नवशिक्यांनो, इफेक्ट नंतर शिका. आधी या कळा बोटांत बसवा.