घराण्याचा इतिहास कोणासाठी लिहिलेला असतो?

सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच साधनांची यादी करतो. हे साधन कोणी लिहिलं, कधी लिहिलं, अस्सल आहे का, हे प्रश्न संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी पाठच झालेले असतात. पण ‘हे कोणी वाचावं म्हणून लिहिलं?’ हा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. माझाही राहिला होता आणि त्यापायी चार महिन्यांचं काम परत करावं लागलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

माझा विषय कोकणातून देशावर आणि मुंबईत झालेलं स्थलांतर. त्यासाठी एक कुलवृत्तांत घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या घराण्यांची छापील माहिती. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, वंशावळ आणि मग प्रत्येकाचं शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं. विसाव्या शतकात अशी पुस्तकं बरीच निघाली, विशेषतः चित्पावन घराण्यांची. मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, सामाजिक बदलाच्या अभ्यासासाठी हे कुलवृत्तांत साधन म्हणून कसे वापरता येतात ते दाखवलं. म्हणजे वाट आधीच पडलेली होती. मी निर्धास्त होतो.

एक्सेलमध्ये नोंदी भरल्या. निष्कर्ष अगदी स्वच्छ निघाला: गाव सोडलेले जवळजवळ सगळे शिकले, नोकरीत स्थिरावले. गाईडना दाखवलं. मॅडमनी एकच विचारलं, “माहितीचे फॉर्म गेले कोणाला होते?”

प्रस्तावना पुन्हा उघडली. संपादकांनी सरळ लिहिलं होतं की, ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना माहितीपत्रकं पोस्टाने पाठवली आणि ज्यांची उत्तरं आली त्यांची माहिती सविस्तर छापली. पुस्तकासाठी वर्गणी देणारेही बहुतेक तेच. म्हणजे माहिती देणारा, पैसे देणारा आणि वाचणारा माणूस एकच. जो गावातून निघून गेला आणि ज्याचं परत पत्र आलं नाही, त्याचं नुसतं नाव आणि पुढे ‘माहिती नाही’. अशा ओळी मी ‘मिसिंग डेटा’ म्हणून काढून टाकल्या होत्या. माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ त्याच होत्या! माझा निष्कर्ष स्थलांतराबद्दल नव्हताच. ज्यांनी पोस्टाने उत्तर पाठवलं त्यांच्याबद्दल होता.

तेव्हापासून घराण्याच्या प्रत्येक इतिहासाला मी आधी त्याचा वाचक विचारतो. मराठी साधनांपुरते ठळकपणे तीन वाचक दिसतात.

पहिला, निवाडा करणारा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही बाजू आपापली हकीकत मांडत. वतन कसं मिळालं, कोणी बळकावलं, कोणाचं रक्त सांडलं. याला करीना म्हणत. जेधे करीना त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. पुढे इंग्रजी अमदानीत इनाम कमिशनपुढेही घराण्यांना आपला हक्क कागदांनी शाबीत करावा लागला. इथे इतिहास हा हक्काचा पुरावा आहे. त्यामुळे प्राचीनता ताणली जाते आणि भाऊबंद हे प्रतिवादी म्हणून येतात. पण एक लक्षात घ्या. ऐकायला गावचे लोक बसलेले असत, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत खोटं मिसळणं सोपं नव्हतं. म्हणजे वाचक जसा लिखाणाला वाकवतो, तसा कधी कधी सरळही ठेवतो.

दुसरा वाचक तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार इथल्या वह्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्यांचा उद्देश इतकाच की, पुढच्या पिढीतलं कोणी आलं तर तो आपलाच यजमान आहे हे दाखवता यावं. म्हणून तिथे नाव, गाव, नात्यातली माणसं आणि येण्याचं कारण एवढंच असतं. पराक्रम सांगायची गरजच नाही. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारसारख्या तीर्थस्थळांच्या अशाच वह्यांवरून पहाडी चित्रकारांच्या घराण्यांची वंशावळ जुळवली. नैनसुख, माणकू आणि त्यांचे वडील पंडित सेऊ यांचं नातं त्यातून स्पष्ट झालं. चित्रकलेचा इतिहास लिहावा म्हणून त्या नोंदी कोणी केल्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्या कामाला विश्वासार्ह ठरल्या.

तिसरा वाचक घरचाच माणूस. छापील कुलवृत्तांताचा वाचक हा. त्याला आधी आपलं नाव शोधायचं असतं, मग आजोबांचं. इथे संपादक भांडणं, कर्ज, घर सोडून गेलेला मुलगा यांवरून अलगद पुढे जातात. मी वापरलेल्या पुस्तकात मुलीची नोंद लग्नापाशी थांबते. तिचं पुढे काय झालं ते तिच्या सासरच्या पुस्तकात असलं तर असेल. एका बाईचं आयुष्य दोन आडनावांत वाटलं गेलेलं असतं, हे विसरून मोजणी केलीत तर स्थलांतर फक्त पुरुषांनीच केलं असं दिसेल.

आणि चौथा, न बोलावलेला वाचक म्हणजे आपण. फील्डवर्कमध्ये एका आजींना मी त्यांच्याच घराण्याचं पान दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे आमच्या माणसांसाठी दिलं होतं रे. तू कोणाला दाखवणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. छापून आलेलं म्हणजे वापरायला मोकळं, असं मी धरून चाललो होतो. आता हयात व्यक्तींची नावं प्रबंधात येत नाहीत; सांकेतिक क्रमांक येतात आणि ते का, हे पहिल्या प्रकरणात लिहिलं आहे.

तुम्ही अशा साधनावर काम करणार असाल तर नोंदवहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवा. हे कोणाच्या हाती पडावं म्हणून लिहिलं? त्या वाचकाला काय ऐकायचं होतं? तो कोणती चूक लगेच पकडू शकला असता? आणि ज्यांच्यापर्यंत कागद पोचलाच नाही ते कोण?

चौथ्याचं उत्तर बहुधा ज्या ओळी आपण गाळतो त्यांत असतं. मी त्या परत भरल्या. निष्कर्ष आता तितका स्वच्छ राहिलेला नाही, पण व्हायव्हाला त्याच्या बाजूने उभं राहता येईल.