कोणतं पान पिवळं पडलंय?

दोस्तांनो, मातीचा कणही नाही आणि तरी टोमॅटोचं झाड तरारून वाढतंय, असं कधी पाहिलंय का? त्याची मुळं थेट पाण्यात सोडलेली असतात आणि झाडाला लागणारे सगळे क्षार त्या पाण्यातच विरघळवलेले असतात. हीच हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना शेती. युलियस फॉन झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने अशा पाण्याची कृती 1860 मध्येच प्रसिद्ध केली होती.

आता समजा, या झाडाचं एक पान पिवळं पडलं. लगेच "खत संपलं, अजून घाला" म्हणायचं नाही बरं का! आधी विचारायचं, कोणतं पान? खालचं जुनं, की शेंड्याजवळचं कोवळं?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. पाण्यातलं नत्र कमी पडलं, की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना पाठवतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी असलं, तर जुन्या पानांच्या कडा करपतात.

लोहाची गोष्ट मात्र उलटी. एकदा पानात गेलेलं लोह सहसा तिथून हलत नाही. त्यामुळे लोह कमी पडलं, की उपासमार होते शेंड्याच्या कोवळ्या पानांची. असं पान उजेडासमोर धरून बघा. फिकट लिंबू रंगाच्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी उठून दिसते. कॅल्शियमही असंच जागचं न हलणारं. ते फळापर्यंत पुरेसं पोचलं नाही, तर टोमॅटोचं बूड काळं पडतं.

आता खरी गंमत. कधीकधी पाण्यात लोह भरपूर असतं, तरी कोवळी पानं पिवळीच! असं का? कारण पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, बिघडलेला असतो. सामू 7 पेक्षा कमी असेल तर पाणी आम्लधर्मी, जास्त असेल तर अल्कधर्मी. बहुतेक हायड्रोपोनिक पिकांना 5.5 ते 6.5 सामू मानवतो. तो चढला, की लोह विरघळलेलं राहत नाही, त्याचा साका होतो आणि तो मुळांना घेता येत नाही. डबा समोर आहे, पण झाकण उघडत नाही, अशी झाडाची गत होते.

सामू 6 वरून 7 झाला म्हणजे जरासाच फरक, असं वाटेल. पण एका अंकाच्या फरकाने आम्लता दहापट बदलते! आणि हा बदल झाड स्वतःही घडवतं. मुळं नायट्रेटच्या रूपातलं नत्र शोषून घेतात, तेव्हा पाण्याची आम्लता कमी होत जाते, म्हणजेच सामू चढतो. अशा वेळी आणखी खत ओतलं, तर पाणी जास्तच खारं होतं, मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं आणि पानांची टोकं जळतात.

आपल्या महाराष्ट्रात चुनखडीच्या जमिनीत ऊस असाच पिवळा पडतो. शेतकरी म्हणतात, "उसावर केवडा पडलाय." तिथेही जमिनीत लोह असतं, पण सामू जास्त असल्यामुळे ते उसाला मिळत नाही. मग पानांवर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारतात. पिवळ्या पानाला लोहाचं पाणी लावलं तर ते हिरवं होतं, हे फ्रान्सच्या यूझेब ग्रिस यांनी 1840 नंतरच्या दशकातच दाखवून दिलं होतं.

तुम्हीही करून बघा. पुदिन्याची काडी पाण्याच्या बाटलीत ठेवा. शेवाळ धरू नये म्हणून बाटलीला जाड कागद गुंडाळा. मुळं फुटली, की मोठ्यांच्या मदतीने विद्राव्य खत अगदी थोडं घाला. विज्ञानाच्या बाईंकडून किंवा सरांकडून सामू मोजायच्या कागदी पट्ट्या मागून घ्या. वहीत तारीख, सामू आणि "कोणतं पान कसं दिसतंय" हे लिहीत जा. काही बिघडलं, तर आधी सामू ठीक करा, मग खताकडे वळा. आणि उपाय लागू पडला का, हे करपलेल्या जुन्या पानावरून ठरवू नका, ते पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. त्यानंतर फुटणारं नवं पान हिरवंगार आलं, की समजा, तुमचं निदान बरोबर होतं!