भूतानच्या पर्यटनाचा जमाखर्च

गिऱ्हाईक वाढावे म्हणून भाव उतरवणारी दुकाने पुष्कळ असतात. गिऱ्हाईक थोडे यावे म्हणून मुद्दाम भाव चढा ठेवणारे दुकान विरळाच. भूतानने गेली पन्नास वर्षे पर्यटनाचे दुकान याच पद्धतीने चालवले आहे.

इ. स. १९७४ मध्ये राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने या देशाने परदेशी प्रवाशांना प्रथम दार उघडले. पहिल्या वर्षी तीनशेसुद्धा पाहुणे आले नाहीत. पुढे नियम स्थिरावला तो असा: परदेशी पाहुण्याने हंगामात दररोज २५० डॉलर आणि एरवी २०० डॉलर भरावेत. त्यात निवास, भोजन, वाहन, वाटाड्या हे सारे आले आणि ६५ डॉलर सरकारचे. या सरकारी रकमेतून मोफत शिक्षण व आरोग्यसेवेला हातभार लागे. भारतीयांना मात्र हा नियम लागू नव्हता, आणि धोरणातील फट तीच होती. २०१९ मध्ये सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक आले. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक शेजारी देशांतले, मुख्यतः भारतातले होते. ज्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे, तेथे ही गर्दी जाणवणारच. पारो येथील कड्यावरच्या मठाकडे जाणाऱ्या पायवाटेवर तिची खूण दिसू लागली होती.

मग मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सीमा बंद झाली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी दार पुन्हा उघडले तेव्हा सरकारी शुल्क ६५ वरून थेट २०० डॉलर झाले होते. हॉटेल, जेवण, गाडी यांचा खर्च निराळा. भारतीयांसाठी माणशी प्रतिरात्र १२०० रुपये ठरले. चार प्रौढांचे कुटुंब पाच रात्री राहिले, तर २४ हजार रुपये नुसते प्रवेशाचेच. त्या पैशांत आपल्याकडची मंडळी सिक्कीम किंवा दार्जिलिंग उरकून येतात.

पर्यटक आटले. जून २०२३ मध्ये डॉलर भरणाऱ्यांसाठी योजना निघाली: चार दिवसांचे शुल्क भरा, आणखी चार दिवस विनाशुल्क राहा. दिवाळीच्या सेलची आठवण व्हावी अशीच ती होती! तिनेही भागले नाही आणि सप्टेंबरपासून शुल्क निम्म्यावर, म्हणजे १०० डॉलरवर आले. २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३ हजार आणि २०२४ मध्ये सुमारे १ लाख ४५ हजार पर्यटक आले. म्हणजे वाढ होती, पण २०२४ मध्येही २०१९ चा निम्मा पल्ला गाठला गेला नव्हता.

बँकेत हॉटेलांचे कर्जप्रस्ताव तपासताना आम्ही पहिला प्रश्न विचारत असू तो वर्षभरात खोल्या किती रात्री भरतात हा. वाण्याच्या कोठीतला गहू आज विकला गेला नाही, तर महिन्याने विकला जातो. हॉटेलची आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही, आणि कर्जाचे व्याज तर रात्रीही चढत असते. भूतानमध्ये भरभराटीच्या वर्षांत अनेकांनी कर्ज काढून हॉटेले बांधली. त्यांतील साधी, मध्यम भाड्याची हॉटेले भारतीय कुटुंबांवरच विसंबून होती. महामारीत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, पण ढकललेला हप्ता माफ होत नसतो. येथे भाव ठरवतो एक आणि तोटा सोसतो दुसरा. शुल्क सरकारी तिजोरीत जाते, रिकाम्या खोलीचा भार मात्र मालकावर पडतो. चढ्या भावाच्या धोरणाला माझा विरोध नाही. ते भारतीयांसाठी क्रमाक्रमाने, आगाऊ जाहीर करून आणले असते, तर इतकी पडझड झाली नसती, असे मला वाटते.

दुसरी अडचण आकारणीच्या पद्धतीतच आहे. शुल्क प्रत्येक रात्रीचे असल्याने प्रवासी रात्री वाचवतो. पारो, थिंफू, पुनाखा पाहून तो परततो. बुमथांगच्या पलीकडे, पूर्वेकडील त्राशीगांगपर्यंत घाटरस्त्यांनी जायचे तर आणखी दिवस मोडतात. परिणामी जेथे उत्पन्नाची सर्वांत अधिक गरज, तेथेच पाहुणा पोहोचत नाही.

या धोरणाची झळ सीमेच्या अलीकडेही लागली. पश्चिम बंगालमधील जयगाव हे फुंतशोलिंगला खेटून असलेले गाव. कापड, किराणा, भांडी यांची तेथील दुकाने, त्यांत मारवाडी व्यापाऱ्यांची पुष्कळ, भूतानी गिऱ्हाइकावर चालतात. फाटक अडीच वर्षे बंद राहिले तेव्हा त्या पेठेवर काय गुदरली असेल, हे आपल्या व्यापारी वाचकांना समजावून सांगायला नको.

तरीही भूतानपाशी जे आहे ते इतरांनी केव्हाच गमावले आहे. देशाचा किमान ६० टक्के भाग जंगलाखाली राहावा, हे तेथील राज्यघटनेतच लिहिले आहे. गांगखार पुएनसुम हे साडेसात हजार मीटरहून उंच शिखर अजून कोणी चढलेले नाही, आणि चढाईची परवानगीही मिळत नाही. शाकाहारी प्रवाशाचीही फारशी अडचण होत नाही. हिरव्या मिरच्या चीजमध्ये शिजवून केलेला एमा दात्शी हा तेथील मुख्य पदार्थ आहे. आपल्याकडे मिरची तोंडी लावण्यापुरती असते, तेथे तिचीच भाजी होते, एवढे ध्यानात ठेवून पहिला घास घ्यावा.

आता सारी आशा दक्षिणेकडे लागली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राजे जिग्मे खेसर यांनी आसामच्या सीमेलगत गेलेफू येथे नवे नगर वसवण्याची घोषणा केली. तेथे मोठा विमानतळ व्हायचा आहे. आज पारोच्या अरुंद खोऱ्यात दिवसाउजेडी उतरणारी मोजकी विमाने, हाच आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने कोक्राझार ते गेलेफू हा ६९ किलोमीटरचा आणि बनारहाट ते साम्त्से हा २० किलोमीटरचा असे दोन लोहमार्ग जाहीर केले. गाडी सुरू झाली, की भारतीय कुटुंबे पुन्हा मोठ्या संख्येने येतील, आणि १२०० रुपयांचा प्रश्न नव्याने उभा राहील. परदेशी पाहुण्यांसाठीच्या १०० डॉलरच्या सवलतीची मुदत ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत आहे. तोवर थिंफूच्या हॉटेलमालकांना हप्ते भरत राहायचे आहेत.