लॅपटॉप ‘हलक्यात’ घेताय?

ठाणे स्टेशन, सकाळचे आठ पन्नास. सॅक पोटाशी धरून फास्ट लोकलमध्ये शिरायचं, तर अडीच किलोचा लॅपटॉप म्हणजे निव्वळ शिक्षा! खांदा बोंबलायला लागला तेव्हा मीही ठरवलं, आता एकदम स्लिम मशिन. वजन किलोच्या जरा वर, बाजूला दोन यूएसबी-सी पोर्ट, बस्स. पंधरा दिवस जाम खूश होते. मग एका क्लायंटकडे प्रेझेंटेशन होतं. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल हातात घेऊन मी उभी, आणि अ‍ॅडॉप्टर घरी टेबलावर! शेवटी सात जणांनी माझ्या तेरा इंची स्क्रीनभोवती कोंडाळं केलं. काम मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

हा स्लिम होण्याचा फंडा तसा जुनाच. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जने कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो, पण सीडी ड्राइव्ह गायब आणि यूएसबी पोर्ट एकच. २०१५ चा बारा इंची मॅकबुक तर ९२० ग्रॅमचा. त्यात हेडफोन सोडला, तर चार्जिंगसकट सगळ्याला मिळून एकच यूएसबी-सी. म्हणजे चार्ज करा, नाहीतर पेनड्राइव्ह लावा! २०१९ मध्ये तो बंद झाला. गंमत म्हणजे २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये अ‍ॅपलनेच एचडीएमआय आणि एसडी कार्डाचा स्लॉट परत आणला.

त्यामुळे दुकानात गेलात की आधी कडा बघा. यूएसबी-सी पोर्ट सगळे दिसायला जुळे भाऊ, पण सगळ्यांतून चार्जिंग होतंच किंवा मॉनिटर चालतोच असं नाही. सेल्समनला नेमकं हेच विचारा, आणि ‘हो मॅडम, सगळं चालतं’वर विश्वास ठेवू नका. लावून दाखवायला सांगा.

स्क्रीनचं गणित सोपं आहे. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० घेतलात, तर खाली १२० पिक्सेल जादा मिळतात, म्हणजे एक्सेलच्या चार-पाच ओळी. दिवसभर शीट्स बघणाऱ्यांना विचारा याची किंमत! तेरा-चौदा इंचात फोर-के मात्र मला चैन वाटते, बॅटरी फुकट खातो. आणि चकचकीत स्क्रीन शोरूममध्ये कितीही सेक्सी दिसू दे, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली त्यात आपलाच चेहरा दिसतो. मॅट घ्या.

आणखी एक. बऱ्याच स्लिम मशिनमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा बजेट ताणून आधीच १६ जीबी घ्या.

माझं मशिन मी बदललं नाही. सॅकमध्ये आता एक हब, चार्जर आणि एक जास्तीची एचडीएमआय केबल कायम असते. परवा आईच्या वजनकाट्यावर सगळा संसार ठेवून पाहिला. एक किलो सातशे ग्रॅम.