टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला

थंडी सरत आली की वऱ्हाडातल्या ओलिताच्या शेतकऱ्याला उन्हाळी भुईमुगाचे वेध लागतात, आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर ‘टॅग-चोवीस आहे का?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागतो. त्या नावातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि जी म्हणजे ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून हा वाण तयार केला आणि १९९१ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. उडदाचा टीएयू-१, तुरीचा टीएटी-१०, मुगाचे टीएआरएम मालिकेतले वाण, या सगळ्यांत तोच अकोल्याचा ‘ए’ आहे. सोयाबीनच्या टीएएमएस-३८ मधला ‘ए’ मात्र अमरावतीचा.

विद्यापीठांतल्या अणुविज्ञानाला सरकार पैसा देते म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते प्रचंड त्वरक, जमिनीखालचे शोधक, परदेशातल्या प्रयोगशाळा. तेही खरेच आहे. पण अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत अणुविज्ञानाचे सर्वांत टिकाऊ काम वावरात उभे राहिले, आणि ते का उभे राहिले हे नीट समजून घेतले तर अनुदान कसे द्यावे याबद्दल बरेच काही कळते.

आधी पैशाची वाट पाहू. अणुऊर्जा आयोग १९४८ मध्ये झाला आणि अणुऊर्जा विभाग १९५४ मध्ये. होमी भाभांनी संशोधनाची सारी ताकद ट्रॉम्बेला एकवटली. हे संशोधन विद्यापीठांतच वाढले पाहिजे असे मेघनाद साहा यांचे म्हणणे होते. हा वाद केवळ दोन मोठ्या माणसांचा नव्हता. भाभांचा मार्ग निवडल्यामुळे देशाला अणुभट्ट्या लवकर मिळाल्या, पण जिल्ह्याच्या गावातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक मोठ्या उपकरणांपासून दूर पडला. ही दरी बुजवण्यासाठी पुढे दोन पूल बांधले गेले.

पहिला पूल पैशाचा. अणुविज्ञान संशोधन मंडळ, म्हणजे प्राध्यापकांच्या तोंडी असलेले ‘बीआरएनएस’, विद्यापीठांतल्या प्रकल्पांना अणुऊर्जा विभागाचे अनुदान मिळवून देते. प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो. त्यात उपकरणे, रसायने, प्रवास आणि एका संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बसते. या योजनेतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग म्हणजे विद्यापीठातल्या प्रमुख संशोधकासोबत बहुधा विभागाच्या एखाद्या संस्थेतला शास्त्रज्ञ सहकारी म्हणून असतो. पैशाबरोबर एक ओळखीचे दार उघडते.

दुसरा पूल यंत्रांचा. दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र १९८४ मध्ये न्यूक्लिअर सायन्स सेंटर या नावाने सुरू झाले. इंदूरला मुख्यालय असलेली विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभागाची संयुक्त संस्था ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आणि इंदूरचे इंडस सिंक्रोट्रॉन विद्यापीठांना वापरू देते. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन अडीच गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतात आणि त्यांच्या प्रकाशात पदार्थांची आतली रचना तपासतात. त्यासाठी प्रस्ताव पाठवायचा, तो तज्ज्ञांनी तपासायचा, आणि मंजूर झाला की नमुने घेऊन जायचे. अकोल्याहून खंडव्यामार्गे इंदूरकडे मेळघाटातून जाणारी मीटरगेज गाडी आज धावत नाही, ती असती तर हा प्रवास किती सोपा झाला असता असे राहून राहून वाटते.

अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रकाशदीप्त पदार्थांवर, म्हणजे फॉस्फरवर, पुष्कळ काम झाले आहे. विषय दिसतो तितका दूरचा नाही. किरणोत्साराजवळ काम करणारा कर्मचारी, मग तो अणुभट्टीतला असो की कॅन्सर रुग्णालयातला, छातीवर एक बिल्ला लावतो. भारतातल्या या बिल्ल्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या स्फटिकात अडकून राहते आणि तापवल्यावर प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. त्या प्रकाशावरून माणसाला किती मात्रा लागली ते मोजतात. असे नवे पदार्थ साध्या भट्टीत बनवता येतात, त्यामुळे मर्यादित पैशातही जिल्ह्याच्या ठिकाणी हे संशोधन उभे राहू शकते. अडचण पुढे येते. गॅमा किरण देण्याची सोय हाताशी नसेल तर नमुना दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो, उपकरण बिघडले तर प्रकल्प संपल्यावर दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा हा प्रश्न उरतो, आणि मार्गदर्शक निवृत्त झाले की रिकाम्या जागेमुळे सारा गटच पांगतो.

आता अकोला. १९६९ मध्ये हे कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर. आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, माणसे गेली होती. ज्यांचे नाव त्याला दिले ते पापळचे पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते. ट्रॉम्बेकडे किरणांचे स्रोत होते आणि उत्परिवर्तनाचे शास्त्र होते. अकोल्याकडे काळी जमीन होती, वऱ्हाडाच्या पावसाची ओळख होती, आणि पिकाच्या ओळी पायी तुडवणारे पैदासकार होते. एकाचे दुसऱ्यावाचून अडत होते.

काम कसे चालते ते सांगायला हवे, कारण ‘अणूचे बियाणे’ म्हटल्यावर अजून काहींच्या मनात शंका येते. कोरडे बी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली ठेवतात. माणसाच्या जिवावर चार-पाच ग्रे मात्रा बेतते, भुईमुगाचे कोरडे बी दोनशे-तीनशे ग्रे सोसूनही उगवते. किरण बियातून आरपार जातात, बी स्वतः किरणोत्सारी होत नाही. मात्र त्याच्या जनुकांत कुठे कुठे बदल होतो. यातले बहुतेक बदल प्रच्छन्न असल्यामुळे पहिल्या पिढीत दिसत नाहीत, दुसऱ्या पिढीत वर येतात. तेव्हा हजारो झाडे पेरून एकेक झाड न्याहाळावे लागते. पांढुरकी पडलेली, खुरटलेली, वांझ अशी झाडेच जास्त निघतात. एखादेच बुटके, लवकर पिकणारे किंवा रोगाला दाद न देणारे सापडते. मग ते पुढच्या पाच-सहा पिढ्या स्थिर करायचे, वेगवेगळ्या ठिकाणी तोलून पाहायचे, आणि शेवटी वाण प्रसारण समितीपुढे न्यायचे.

टीएयू-१ ची गोष्ट पाहा. उडदाच्या ‘क्रमांक ५५’ या जुन्या वाणाला गॅमा किरण दिल्यावर गर्द हिरव्या पानांचा एक उत्परिवर्ती मिळाला, त्याला यूएम-१९६ नाव पडले. नुसता तो शेतकऱ्याला देण्याजोगा नव्हता. त्याचा टी-९ या वाणाशी संकर केला, निवड केली, आणि १९८५ मध्ये टीएयू-१ आला. पुढे महाराष्ट्रात उडदाच्या बहुतांश क्षेत्रावर हाच वाण पसरला. टॅग-२४ चे मूळ आणखी मागे जाते. ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या भुईमुगाला क्ष-किरण देऊन मिळालेला टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ हा वाण १९७३ चा. त्यानंतर उत्परिवर्तींचे आपसात संकर होत गेले आणि त्या वंशावळीतून अकोल्याचा हा ठेंगणा, लवकर येणारा, पाल्यापेक्षा शेंगेत जास्त जीव घालणारा वाण निघाला. मुगाच्या टीएआरएम वाणांत भुरी रोगाचा प्रतिकार आणला गेला. सोयाबीनचा टीएएमएस-३८ २००५ मध्ये विदर्भासाठी आला, तोवर वऱ्हाडाच्या खरिपात सोयाबीनने मूग-उडदाची जागा घ्यायला सुरुवात केलेलीच होती.

नशिबाने साखळीतली तिसरी कडीही अकोल्यातच होती. राज्य बियाणे महामंडळाचे, म्हणजे महाबीजचे, मुख्यालय १९७६ पासून इथे आहे. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि प्रमाणित बियाण्यापर्यंतचा प्रवास एकाच गावातल्या दोन संस्थांत होऊ शकतो. प्रयोगशाळेतला शोध दुकानातल्या थैलीत जायला जी वर्षे लागतात ती या शेजारामुळे वाचतात. कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत शेतकरी प्लॉटच्या बांधावर उभे राहून शेंगा फोडून बघतात, तेव्हा हीच साखळी शेवटच्या टोकाला पोहोचलेली असते.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळीची वाटते. टीजी-१ पासून टॅग-२४ पर्यंत १८ वर्षे गेली. इतक्या लांबीचे काम तीन वर्षांच्या एका प्रकल्पाच्या उपयोगिता प्रमाणपत्रात मावत नाही. ते झाले कारण दोन संस्थांचे नाते माणसे बदलली तरी चालू राहिले, आणि पगारी पैदासकार दर हंगामात वावरात होते. अमरावतीच्या भौतिकशास्त्राला नेमके हेच मिळत नाही. तिथे प्रत्येक तीन वर्षांनी नवा प्रस्ताव, नवा विद्यार्थी, नवी सुरुवात.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला, त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे. मोठ्या संस्थेभोवती राज्य विद्यापीठे जोडण्याची योजनाही त्यात आहे, आणि कल्पना चांगली आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाला २,६०० कोटींची अंतिम मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर उभ्या राहणार आहेत. अमरावती विद्यापीठातल्या मुलांना तिथे काम मिळावे यासाठी आत्तापासून निर्वात तंत्र, लेसर आणि प्रकाशीय लेपनांचे अभ्यासक्रम हवेत, आणि ते शिकवायला भरलेल्या जागा हव्यात.

शेतीचे गणित तर याहून सरळ आहे. येत्या खरिपाआधी सोयाबीनच्या एखाद्या वाणाच्या बियांना गॅमा किरण दिले आणि सारे सुरळीत झाले, तरी शेतकऱ्याच्या हाती थैली पडायला दहा-बारा वर्षे लागतील. तेवढ्या काळात तीन वर्षांचे तीन-चार प्रकल्प सुरू होऊन संपलेले असतील. मंजुरी देणाऱ्यांनी पहिल्याच पत्रात पुढच्या बारा हंगामांच्या मजुरीची, बियाण्याच्या शीतगृहाची आणि एका कायम पैदासकाराची तरतूद लिहायला हवी.